वायरीत हरवलेले छत्तीस व्होल्ट

वायरच्या दुकानदाराने मला फसवलं. शुद्ध तांब्याची म्हणून त्याने जी वायर दिली, ती आतून ॲल्युमिनियमची निघाली आणि सांगितल्याच्या निम्म्याहून बारीक निघाली. तिच्यापायी माझ्या पिठाच्या गिरणीची मोटर दोनदा जळाली. आणि मी भर बाजारात चोर म्हणून ओरडले ते मोटर भरणाऱ्या मेस्त्रीवर, ज्याचा यात काडीचाही दोष नव्हता. हे सगळं मला समजलं ते तळहाताएवढ्या पिवळ्या मल्टीमीटरमुळे, जो घेताना मी सत्तर रुपये कमी करून घेतले होते.

आता नीट सांगते.

आमचं गाव खर्ड्याच्या पुढे, कोरड्या अंगाला. पाऊस झाला तर ज्वारी होते, नाही झाला तर ज्वारीच्या गप्पा होतात. दसरा उलटला की ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जातात आणि गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं उरतात. मी आणि आमचे हे असे अकरा हंगाम गेलो. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या मोजणीने मी अकरा वर्षं अर्धा कोयता होते.

भाव करायला मी तिथेच शिकले. उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, तोडणाऱ्याच्या वाट्याचा असतो. संध्याकाळी गाईवाले बागायतदार मोटरसायकलवरून न उतरताच विचारायचे, "काय गं, पेंढी कशी?" बाकीच्या बाया भाव सांगायच्या आणि ते तो अर्धा करायचे. मी भाव सांगायचेच नाही. "तुमच्या गाईला इचारा, ती काय देती," म्हणायचे. माणूस हसला की अर्धा हरला. त्या वाढ्याच्या पैशातले पैसे साठवत साठवत शेवटी आम्ही एक जुनी गिरणी घेतली. शिर्डीकडच्या एका गावातल्या माणसाने गिरणी सोडून लॉजचा धंदा धरला होता. त्याच्या ओट्यावर मी सकाळी बसले ते दुपारी उठले, त्याचे तीन चहा प्यायले आणि त्याच्या बायकोला माझ्या बाजूने करून घेतलं. गिरणी टेम्पोत चढली तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमी राजकारणात का न्हाई जात?"

गिरणी रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसवली, कारण गिऱ्हाईक रस्त्याने येतं. मीटर मात्र घराच्या भिंतीला, कारण विजेचा खांब घराजवळ. घरापासून शेडपर्यंत दोनशे फूट. या दोनशे फुटांसाठी वायर लागणार होती, आणि गोष्ट तिथेच बिघडली.

तालुक्याच्या पेठेतल्या दुकानात गेले. शेठ गल्ल्यावर बसला होता, कपाळाला अष्टगंध, बोलणं साखरेचं. त्याने चार नंबरच्या, म्हणजे मोटरला लागते तेवढ्या जाड, तांब्याच्या वायरचा भाव सांगितला. मी अर्ध्यापासून सुरुवात केली. तो हसला नाही, म्हणून मी उठून चालायला लागले. चालायला लागणं हे माझं जुनं हत्यार. दुकानाची पायरी उतरायची, पदर सावरायचा, चप्पल सावकाश घालायची. तो हाक मारतोच. त्याने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा शंभर उतरले होते. दुसऱ्यांदा आणखी काही. तिसऱ्या वेळी मी थेट रसवंतीपर्यंत गेले, तेव्हा तो स्वतः पायरीवर आला.

"या ताई, या. तुमच्यासाठी आतला माल काढतो."

आतून एक बंडल आलं. वर ठसठशीत छापलेलं, शंभर टक्के तांबं. बाहेर ठेवलेल्या बंडलांपेक्षा हे उचलायला हलकं होतं. मला वाटलं, ओझं कमी, बरंच झालं.

"पक्कं बिल करू का?" शेठने विचारलं. "मंग टॅक्स लागंल."

"कशाला बिल? तुमी काय पळून चाललाय का?" मी म्हणाले आणि तेवढेही वाचवले.

त्या दिवशी मी गावात अशी फिरले, जणू लढाई जिंकून आले. ओळखीच्या चौघींना मी तोच शेठ, तोच माल आणि तोच भाव मिळवून दिला. माझं नाव सांगा, म्हणाले.

गिरणी चालू झाली. रस्त्यावरचं गिऱ्हाईक, लग्नसराईचं दळण, डोहाळजेवणाचं बेसन, दिवाळीची भाजणी. आम्ही त्या वर्षी तोडीला गेलो नाही. तोडीच्या टोळीचा मुकादम दारात येऊन गेला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सोबत पाच किलो दळून दिलं, फुकट. आयुष्यात फुकट दिलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

सात महिन्यांनी मोटर जळाली. शेडभर तो वास, जळक्या केसांसारखा. मेस्त्रीकडे नेली. मोटर भरणं म्हणजे तिच्या पोटातली जळकी तार काढून नवी तार गुंडाळणं. त्याने भरून दिली. चार महिन्यांनी पुन्हा जळाली.

दुसऱ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की काही मेस्त्री मोटरमधून तांब्याची तार काढतात आणि ॲल्युमिनियमची घालतात. मी सरळ त्याच्या दुकानासमोर उभी राहिले. सोमवार होता, बाजार भरलेला.

"चोर हायेस तू! माझं तांबं काढून इकलंस!"

मेस्त्री साठीचा, शांत माणूस. हातातली कॉईल खाली ठेवून म्हणाला, "ताई, मोटर ही पडली. तुमीच फोडा, तुमीच बघा. लाल न्हाई निघालं तर मला जोड्यानं मारा."

"फोडून मंग मी काय करू? तिचं लोणचं घालू?"

"बरं, मंग एक सांगा. तुमच्याकडं व्होल्टेज किती येतंय?"

"टेस्टर लागतोय लख्ख!"

मेस्त्री हसला. "टेस्टरला काय कळतंय? पाव्हना दारात आलाय, एवढंच त्यो सांगतो. जेवून आलाय का उपाशी, ते न्हाई सांगत. मीटरनं मोजा."

त्याला मोजून दाखवायचं आणि तोंडावर पाडायचं, एवढ्याच हेतूने मी मल्टीमीटर घ्यायचं ठरवलं. शिकायची हौस वगैरे काही नव्हती. भांडणात पुरावा हवा होता.

घरी यांनी मोटर दुसऱ्यांदा भरून आणली, बसवली आणि जेवताना म्हणाले, "ही जळाली तर मला काय बोलू नगंस. मुकादमाला मी हो म्हणून टाकीन. दसऱ्याला तीन आठवडे ऱ्हायलेत."

हे कमी बोलतात. बोलतात तेव्हा ते ठरलेलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर तोडीवरची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी आली, पहाटेची थंडी, हाताला बसलेले उसाच्या पात्याचे चिरे. भाकरी खाली ठेवली. म्हणजे हे तीन आठवडे होते आणि एक मोटर होती. ती मोटर चौथ्या दळणालाच इतकी तापायची की तिच्यावर पापड भाजला असता.

तालुक्याला एक काका आहेत. नागापूरच्या एमआयडीसीत उभं आयुष्य मेंटेनन्स केलं आणि आता गावी येऊन रेडिओ, मिक्सर, पंखे दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांच्याकडे मीटर विकायला होते. साडेतीनशे म्हणाले, मी दोनशे म्हणाले. दोनशे ऐंशीला तुटलं. मी पायरी उतरायच्या तयारीत होते, पण तिथे पायरीच नव्हती.

काकांनी दोन वायरी दाखवल्या, टोकाला सुया असलेल्या. काळी ह्या भोकात, लाल ह्या भोकात. "आन हे तिसरं भोक हाय ना, दहा लिहिलेलं, त्यात लाल घालून बोर्डात खुपसू नगंस. बार उडंल." मी मान हलवली. बाकी काय बोलले ते ऐकलं नाही, मला घाई होती.

शेडमध्ये येऊन सुया बोर्डाच्या भोकांत घातल्या. मीटरवर शून्य. पुन्हा घातल्या. शून्य, मग एक, मग शून्य. इकडे डोक्यावर दिवा जळतोय आणि हा म्हणतो वीजच नाही! दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"बंद पडलेला मीटर गळ्यात मारला व्हय?"

काकांनी मीटर हातात घेतला, मधलं बटण जरा फिरवलं, सुया स्वतःच्या बोर्डात घातल्या. दोनशे अठ्ठावीस.

"ही सरळ रेघ बघ. ही बॅटरीची वीज. आन ही नागमोडी रेघ, ती घरातली. तू वाघाला गाईच्या दावणीत हुडकत व्हतीस. आन व्होल्टेज मोजायचं तर घर साडेसातशेचं धर, दोनशेचं न्हाई. दोनशे तीस मापायला दोनशेचं भांडं पुरतंय का?"

शेजारचा सलूनवाला हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा वस्तरा थांबला.

"काका," मी म्हणाले, "आता सगळं सांगा. पहिल्यापासून."

काकांनी चहा मागवला आणि सांगितलं. सुई धरायची ती प्लास्टिकला, बोट लोखंडाला लागता कामा नये. कोरडी चप्पल पायात हवी, फळीवर उभं राहायचं. शक्य तिथे एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून जायला वाट मिळत नाही. बटण आधी फिरवायचं आणि मग सुया लावायच्या, उलटं नाही. सुया लावलेल्या असताना बटणाला हात लावायचा नाही. रोध मोजायचा असेल, म्हणजे तार विजेला किती अडवते ते बघायचं असेल, तर आधी मेन बंद करायचा आणि बंद झाला का ते व्होल्टेज मोजून बघायचं. मी सगळं दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

परत येऊन मोजलं. घरच्या मीटरपाशी दोनशे एकतीस. शेडमध्ये गिरणीच्या बोर्डापाशी दोनशे एकतीस. एक व्होल्टचाही फरक नाही. मी इतकी खूश झाले की तशीच मेस्त्रीकडे गेले.

"दोनशे एकतीस! पाव्हना जेवून आलाय, ढेकर देतोय. आता बोल."

मेस्त्रीने मीटर बघितला, मला बघितलं. "मोजलं तवा गिरणी चालू व्हती का?"

"बंद व्हती. चालू गिरणीत सुया घालून मरू का काय?"

"मंग ताई, उपयोग न्हाई," एवढंच म्हणून तो कामाला लागला. मला त्याचा प्रचंड राग आला. प्रश्न विचारून उत्तर न देणारा माणूस मला सहन होत नाही.

त्याचं म्हणणं मला समजलं ते दोन दिवसांनी, आणि समजलं ते माझ्या नवऱ्यामुळे. हे गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन शेडमध्ये येत होते. दारात ते असे वाकले की मला तोडीवरचं आठवलं. टोळीत नवी माणसं यायची तेव्हा मुकादम त्यांना बघून निवडायचा नाही. रिकाम्या अंगाने सगळेच ताठ उभे राहतात. तो डोक्यावर उसाची मोळी द्यायचा आणि गाडीच्या फळीवरून वर चढायला सांगायचा. मग कोणाचे गुडघे लटपटतात ते दिसायचं. आणि मी विजेला रिकाम्या अंगाने मोजून आले होते!

"अहो, पोतं खाली ठिवू नका. टाका सगळं गिरणीत. आन टाकतच ऱ्हावा."

"येड लागलं का? एका दमात?"

"टाका म्हनलं ना."

फळी घेतली, वर उभी राहिले, डावा हात पाठीमागे. गिरणीच्या बोर्डात शेजारचं एक रिकामं सॉकेट होतं, त्यात दोन्ही सुया जरा घट्ट बसवल्या आणि हात सोडला. गिरणी रिकामी फिरत होती तेव्हा दोनशे बावीसच्या आसपास. गहू आत पडला, दगडाचा आवाज जड झाला, आणि आकडा उतरायला लागला. दोनशे दहा. दोनशे. एकशे चौऱ्याण्णव. शेवटी एकशे नव्वदवर थांबला. डोक्यावरचा दिवा मात्र तसाच लख्ख. पूर्वीचा पिवळा बल्ब असता तर मलूल झाला असता आणि मला वर्षापूर्वीच कळलं असतं. पण मी हौसेने नवीन पांढरा दिवा लावला होता, त्याला दोनशे तीस काय आणि एकशे नव्वद काय, सारखंच.

आता घरचा आकडा हवा होता, गिरणी चालू असतानाच. मीटर काढला आणि पळत सुटले. दोनशे फूट, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात फळी. रस्त्यावर दळण घेऊन आलेल्या दोघी थांबल्या.

"काय गं, काय पेटलंय का?"

"व्होल्ट हुडकतीय!"

"सापडला तर आमालाबी सांग!"

घरच्या बोर्डापाशी दोनशे सव्वीस. पुन्हा शेडकडे पळाले. एकशे नव्वद. खात्री व्हावी म्हणून आणखी एक फेरी मारली. तेवढ्यात हे ओरडले की गहू संपला, आता काय माती टाकू का.

घरातून दोनशे सव्वीस निघतात आणि गिरणीत एकशे नव्वद पोचतात. इतके दिवस मी मेस्त्रीला शिव्या देत होते आणि उरलेल्या वेळात वीजबोर्डाला. दोघेही निर्दोष निघाले. वीजबोर्ड निर्दोष निघण्याचा आमच्या गावातला हा पहिलाच प्रसंग असावा.

काकांना फोन लावला. "काका, छत्तीस व्होल्ट हरवलं."

"हरवत न्हाई काही. मधी काय हाय?"

"मधी वायर हाय नुसती."

"मंग तितंच हाय. वायरीवर हात फिरव, वरच्या प्लास्टिकवर. उघड्या तारेला नगं."

वायर टाकली तेव्हा ती थोडी जास्त झाली होती. कापून टाकायला जीव होत नव्हता, म्हणून मी जोडणीतच ठेवून तिचं वेटोळं करून शेडच्या खिळ्याला टांगलं होतं. त्या वेटोळ्यावर हात ठेवला आणि चटकन काढला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. माझी वीज दळणात जाण्याऐवजी त्या खिळ्यावर शेकत बसली होती. आणि मोटर अर्धपोटी ओझं ओढून ओढून तापत होती, जळत होती.

काका फोनवर सांगत गेले, मी करत गेले. मेन बंद. बंद झाला का ते मोजून बघितलं. वायर दोन्हीकडून सोडवली. घराकडची दोन टोकं एकमेकांना पिळली. शेडकडच्या दोन टोकांना सुया लावायच्या, बटण रोधाच्या घरात. पण त्याआधी काका म्हणाले, "नुसत्या सुया एकमेकीला लाव. काय दाखवतंय?"

"शून्य पॉईंट चार."

"तो मीटरचा स्वतःचा खोटेपणा. आधी त्याचं खोटं किती ते बघायचं, मंग दुसऱ्याचं. आता मोज."

"दोन पॉईंट पाच."

"त्यातलं पॉईंट चार काढ. दोन पॉईंट एक ऱ्हायलं. ताई, तू म्हनतीस तेवढ्या लांबीला चार नंबरचं खरं तांबं असतं तर शून्य पॉईंट पाचच्या आसपास आलं असतं. चौपट हाय हे. जरा ब्लेडनं तार खरवड बरं."

यांच्या दाढीचं ब्लेड घेतलं. तार वरून लाल, बघायला लग्नातल्या कलशासारखी. दोनदा ब्लेड फिरवलं. आतून पांढरी. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचं पाणी दिलेलं, आणि प्लास्टिक जाड ठेवून तार निम्म्याहून बारीक. मी जमिनीवरच बसले. हे वाकून बघत होते. म्हणाले, "म्हंजे मेस्त्रीचं तांबं खरं हुतं." मग ब्लेड उचलून ठेवत, "बाजारात लई जोरात वरडली हुतीस."

दुसऱ्या दिवशी वायर घ्यायला गेले, दुसऱ्या दुकानात. पिशवीत मीटर आणि ब्लेड. पहिल्यांदा टोक खरवडलं, मग बंडलची दोन्ही टोकं मोजली, मग भाव केला. तो दुकानदार म्हणाला, "बाई, मुलगी बघायला आलाय का वायर?" मी म्हणाले, मुलगी असती तर एवढं बघितलं नसतं. नवी वायर टाकली, उरलेली कापून ठेवली, टांगली नाही. पुन्हा पोतं टाकलं, पुन्हा फळीवर उभी राहिले. गिरणी भरल्या तोंडी चालू, आकडा दोनशे सतरा. अर्ध्या तासाने मोटरवर हात ठेवला तर कोमट. दगडाचा आवाज असा एकसुरी लागला की मला झोप यायला लागली.

सोमवारी मेस्त्रीकडे गेले. भाव करता येतो मला, माफी मागता येत नाही. मला तिचा दर माहीत नाही. उभी राहिले आणि म्हणाले, "मेस्त्री, मी तुमाला चोर म्हनले ते चुकलं माझं."

मेस्त्री मान वर न करता म्हणाला, "ताई, आवाज वाढवा. त्या दिशी चहावाल्यापर्यंत ऐकू गेल्तं."

मी आवाज वाढवला. चहावाल्यापर्यंत गेला, त्याच्याही पुढच्या भेळवाल्यापर्यंत गेला. मग शेडच्या पंख्याची मोटर त्याच्याकडे भरायला टाकली आणि त्याने सांगितला तो भाव दिला. तो घाबरला. "तब्येत बरी हाय ना?" म्हणाला.

आणि मग शेठकडे. तोच गल्ला, तेच अष्टगंध. मी वायरचा तुकडा त्याच्या काउंटरवर ठेवला, खरवडलेली पांढरी बाजू वर करून.

शेठ जराही दचकला नाही. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

"ताई, त्या भावात तांबं येतं का? तुमीच सांगा. तुमी भाव पाडला, मी त्या भावाचा माल दिला. तुमालाबी म्हाईत हुतंच की."

हे वाक्य मला लागलं. बंडल हलकं लागलं होतं, हे मला आठवलं. चालायला लागले तेव्हाच, तिसऱ्या हाकेला, मला शंका यायला हवी होती. खरा माल असणारा माणूस पायरीवर येऊन तीन-तीन हाका मारत नाही. पण मी ते मनातच ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, मी भाव पाडला. तांबं न्हाई पाडलं. 'शंभर टक्के तांबं' हे बंडलावर मी छापलं का?"

"आमी न्हाई छापत. कंपनी छापती."

"कंपनी कुठली?"

बंडलाच्या कागदावर कंपनीचं नाव होतं, गाव नव्हतं, फोन नव्हता.

"बिल दाखवा, बघू," शेठ म्हणाला, आणि त्याला माहीत होतं की बिल नाही. बिल मीच नको म्हणाले होते. ते मी कबूल करते. ज्या दिवशी मी सगळ्यात हुशार होते, त्याच दिवशी सगळ्यात मूर्ख ठरले.

दसरा झाला. टोळीचे ट्रक निघाले, आमच्या शेडवरूनच गेले. आम्ही दोघं दळत होतो. मुकादमाने हॉर्न दिला, यांनी पिठाचा हात वर केला. मोटर थंड होती. माझं काम झालं, खरं म्हणजे मी गप्प बसायला हवं.

पण ज्या चौघींना मी माझं नाव सांगून त्या शेठकडे पाठवलं होतं, त्यांच्या घरी मी मीटर घेऊन गेले. चारही घरांत तीच वायर. एकीच्या भिंतीत ती गाडलेली आहे, वरून गिलावा, आणि त्या भिंतीच्या पलीकडे तिची नातवंडं झोपतात. तिने विचारलं, "तूच सांगितलंस ना, चांगली हाय म्हणून?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शेठ, माझी दोनदा जळालेली मोटर सोडा. माझा भाव, माझं बिल, माझा मूर्खपणा, सगळं सोडा. बंडलावर तांबं लिहिलेलं होतं आणि आत तांबं नव्हतं, हे तुम्हाला हातात घेतल्याबरोबर कळत होतं, वजनावरूनच कळत होतं. तरी तुम्ही ते चार घरांत विकलं. त्या चौघींना उत्तर मी देणार नाही, ते तुम्ही द्यायचं आहे. गावात यायचं, त्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि तिच्या नातवंडांदेखत सांगायचं की ही वायर कुठून आणली, कोणी बनवली आणि आणखी कोणाकोणाच्या घरात घातली. मीटर मी घेऊन येते. कधी येताय?